सातही जणांची संमती आणि चौदा महिने थांबलेला ठराव

रंकाळाकाठ (प्रश्न)

आम्ही काही कोल्हापूरकर आणि नोकरीनिमित्त कोल्हापूर सोडून गेलेले आमचे काही मित्र मिळून मराठी शुद्धलेखन तपासणीचा एक मुक्त प्रकल्प चालवतो. हन्स्पेल हा शुद्धलेखन तपासणारा मुक्त प्रोग्राम ज्या दोन फायलींवर चालतो, म्हणजे शब्दांची यादी आणि प्रत्ययांचे नियम, त्या दोन्ही आम्ही सांभाळतो. कोणालाही मानधन नाही. जो तो पोटापाण्याचा उद्योग सांभाळून रात्री किंवा रविवारी काम करतो. कामाला माणसे मिळतात, पण निर्णय होत नाहीत.

प्रकल्पाची सात जणांची एक समिती आहे. त्यांत तीन भाषेचे जाणकार आणि चार प्रोग्रामर आहेत. समिती नेमली तेव्हा दर पंधरवड्याला राजारामपुरीत एका सदस्याच्या घरी बैठक होत असे, आणि त्या वेळच्या नियमात एवढेच लिहिले होते की निर्णय सर्वानुमते व्हावेत. तेव्हा ते योग्यच होते, कारण ज्याला एखादी गोष्ट पटली नाही तो समोरच बसलेला असे आणि चहा येईपर्यंत त्याला नेमके काय खटकते हे सर्वांना कळत असे. पुढे दोघे परदेशी गेले, एक जण बंगळूरला गेला, बैठका थांबल्या आणि सारा व्यवहार लेखी झाला. नियम मात्र तोच राहिला.

सध्या अडकलेला विषय अर्ध्या ऱ चा आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे भेद मराठीत सोडून चालत नाहीत, हे येथे सांगण्याची गरज नाही. हा अर्धा ऱ संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात नुक्त्याचा स्वतंत्र ऱ, त्याला हलन्त आणि मग य येतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त, डोळ्यांना न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक आणि मग य येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु तपासनीसाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात, त्यामुळे अचूक लिहिलेल्या ‘दऱ्या’खालीही लाल रेघ उमटते. विद्यापीठात शिकणाऱ्या एका मुलीने यावर चांगला प्रस्ताव लिहून बदलासह पाठवला. सातपैकी चौघांनी होकार दिला, एकाने शंका विचारली आणि तिचे उत्तर त्याला मिळाले, दोघांनी काहीच लिहिले नाही. याला आता चौदा महिने झाले. त्या मुलीने पहिले तीन महिने प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी दिले, नंतर विचारणे सोडले, आणि आता ती नोकरीला लागली आहे. मधल्या काळात मूळ फायली इतक्या बदलल्या की तिने केलेला बदल आज जसाच्या तसा बसतही नाही.

मी या समितीचा सचिव, म्हणजे प्रत्यक्षात आठवणपत्रे पाठवणारा माणूस आहे. समिती बरखास्त करून एकाच्या हाती कारभार द्यावा असे काही तरुण सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. गप्प राहिलेल्या दोघांपैकी एक आमचे सर आहेत, ज्यांच्या शब्दसंग्रहावर हा प्रकल्प उभा राहिला, आणि त्यांना बाजूला सारले असे कोणालाही वाटता कामा नये. इतर स्वयंसेवी प्रकल्पांनी अशा मंद समित्या कशा सुधारल्या, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

शाहूपुरी_ते_पुणे

मी गेली काही वर्षे डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या मुक्त संगणकप्रणालीच्या पॅकेजांवर थोडेफार काम करतो, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. डेबियनची घटना, म्हणजे कारभाराचे लेखी नियम, १९९८ सालची आहे आणि तिच्यात एक तांत्रिक समिती आहे, जिच्यात जास्तीत जास्त आठ सदस्य असतात. या समितीबद्दल घटनेने दोन गोष्टी स्पष्ट लिहून ठेवल्या आहेत. समितीने तपशीलवार आराखडे स्वतः करत बसू नये, आणि इतर सर्व मार्ग संपल्यावरच, शेवटचा उपाय म्हणून, निर्णय द्यावा. एखाद्या विकसकाचा निर्णय फिरवायचा असेल तर समितीत तीनास एक असे बहुमत लागते. तुमच्या समितीकडे मात्र प्रत्येक गोष्ट पहिल्या दिवशीच जाते असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते. मग ती मंद असणारच, कारण ती खरे तर समिती नसून जकात नाका आहे.

कार्यकाळाचा धडाही तेथूनच घेण्याजोगा आहे. आरंभी त्या समितीच्या सदस्यांना मुदत नव्हती. एकदा नेमलेला माणूस स्वतः सोडेपर्यंत सदस्य राहत असे. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये संगणक सुरू होताना कोणती मूळ प्रणाली वापरावी हा वाद समितीकडे आला, फेब्रुवारी २०१४ मध्ये मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी या प्रणालीच्या बाजूने निकाल लागला. त्या वर्षात कडवटपणा इतका वाढला की नोव्हेंबरमध्ये समितीतील काही ज्येष्ठ सदस्य पायउतार झाले. डिसेंबर २०१४ मध्ये सर्व विकसकांच्या मतदानाने मुदतीचा नियम आला. दर १ जानेवारीला पाहायचे की सर्वांत ज्येष्ठ दोन सदस्यांपैकी कोणाला बेचाळीस महिन्यांहून अधिक काळ झाला आहे. झाला असेल तर त्याची मुदत त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपते. या रचनेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की ‘आता आपण जावे’ असे कोणी कोणाला म्हणावे लागत नाही. ते काम पंचांग करते.

तुमचा मूळ रोग मात्र माझ्या मते सर्वानुमताची व्याख्या हा आहे. अपाची या संस्थेच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांत मौनाला अर्थ दिलेला असतो. एखादा बदल जाहीर करायचा, साधारणपणे ७२ तास थांबायचे, आणि कोणी हरकत घेतली नाही तर संमती आहे असे धरून पुढे जायचे. हरकत घेणाऱ्याला अडवण्याचा अधिकार आहे, पण बदल प्रोग्रामच्या संहितेतील (कोडमधील) असेल तर हरकतीसोबत तांत्रिक कारण द्यावेच लागते. कारणाविना घेतलेली हरकत ग्राह्य धरत नाहीत. याउलट नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याच्या मतदानात कोणालाच एकट्याने अडवता येत नाही. तेथे किमान तीन होकार आणि नकारांपेक्षा अधिक होकार एवढे पुरते. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रस्तावांतही शेवटच्या हरकतींसाठी दहा दिवसांची मुदत जाहीर होते. या साऱ्यांत समान सूत्र एकच आहे, की गप्प राहिल्याने गाडी अडत नाही, बोलल्यानेच अडते. तुमच्याकडे नेमके उलटे चालले आहे. मौनं संमतिलक्षणम् एवढेच घटनेत घाला, निम्मे काम होईल.

जमाखर्च

मी प्रोग्रामर नाही. एका पतसंस्थेत सचिव म्हणून आयुष्य काढले आणि आता निवृत्त आहे. मुलगा या विषयात असल्यामुळे धागा वाचला आणि राहवले नाही म्हणून लिहितो.

वरच्या सद्‍गृहस्थांची माहिती उपयुक्त आहे, पण त्यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. इतिवृत्त लिहिणाऱ्या माणसाला हे चांगले कळते की गप्प बसलेला सदस्य आणि होकार दिलेला सदस्य यांची नावे एकाच ओळीत लिहिली की सहा महिन्यांनी भांडण उभे राहते. ‘मी कोठे हो म्हटले होते?’ हा प्रश्न मी एवढ्या वेळा ऐकला आहे की त्याचे उत्तर देण्याऐवजी आम्ही नोंदवहीचे रकानेच बदलले: संमत, असंमत, तटस्थ, अनुपस्थित. मौन म्हणजे अनुपस्थिती. त्याला ना होकार समजावा, ना नकार. प्रश्न एवढाच उरतो की किती जण उपस्थित असले म्हणजे काम चालावे, आणि त्यालाच आपण गणपूर्ती म्हणतो.

आपल्या जिल्ह्यात सहकारी संस्थेचा सभासद नसलेले घर शोधावे लागेल, त्यामुळे वार्षिक सभेच्या नोटिशीतले शेवटचे वाक्य बहुतेकांना पाठ असते: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. लोक या वाक्याला हसतात, आणि त्याचा गैरवापरही होतो हे मी नाकारत नाही, परंतु त्यामागचा विचार पक्का आहे. सर्वांना रीतसर बोलावले, वेळ दिला, विषयपत्रिका आधी पाठवली. त्यानंतरही जो आला नाही त्याच्यासाठी संस्थेचे दार बंद ठेवता येत नाही. तहकुबीनंतरच्या त्या सभेत आयत्या वेळचे विषय घेत नाहीत, पत्रिकेवरचेच घेतात. तुम्हीही हे पथ्य पाळा.

तुमची बैठक होत नाही आणि सारे लेखी चालते, तर त्यालाही नमुना तयार आहे. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १७५ पाहा. ठरावाचा मसुदा आवश्यक त्या कागदांसह सर्व संचालकांना पाठवून बहुमताने मंजूर करता येतो, आणि पुढच्या सभेत त्याची नोंद घ्यावी लागते. मात्र एकूण संचालकांपैकी एक तृतीयांश जणांनी हा विषय सभेतच घ्यावा असे म्हटले तर तो सभेपुढे ठेवावाच लागतो. सातांच्या समितीत एक तृतीयांश म्हणजे तीन जण. त्याच कायद्याच्या कलम १६७ नुसार बारा महिन्यांत झालेल्या एकाही सभेला संचालक आला नाही तर त्याचे पद रिकामे होते, मग त्याने रजा घेतलेली असो वा नसो. हे रजेचे शब्द कायदा करणाऱ्यांनी विचारपूर्वक घातले असावेत, कारण आपल्याकडे रजेचा अर्ज पाठवून वर्षानुवर्षे पदावर राहणारी माणसे काही कमी नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही कायद्यात नाही. आठवणपत्र पाठवू नका, माणूस पाठवा. सर कोल्हापुरातच राहतात ना?

भाषेचा_विद्यार्थी

येथे सर्वांनी मंदपणा हा दोष आहे असे गृहीत धरले आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांपैकी चौदा १९६२ साली मान्य झाले आणि उरलेल्या चारांची भर पडायला १९७२ साल उजाडले. त्या दहा वर्षांना कोणी आळस म्हणत असेल तर म्हणो. पण लेखनाचा नियम एकदा पाठ्यपुस्तकांत आणि छापखान्यांत शिरला की तो मागे घेता येत नाही. तपासनीसाचे तसेच आहे. तुमची शब्दयादी लिब्रेऑफिसमध्ये आणि फायरफॉक्समध्ये गेली की ज्या रूपाखाली लाल रेघ येते ते रूप लोक आपणहून टाकून देतात, आणि कोणतीही चर्चा न होता प्रमाण ठरून जाते. असा निर्णय ७२ तासांत होऊ नये असे ज्याला वाटते त्याला मी अडथळा म्हणणार नाही.

म्हणून पहिला भेद मागे घेता येणारे निर्णय आणि मागे न घेता येणारे निर्णय यांच्यात करावा. यादीत ‘मिसळ’ची सामान्यरूपे घालायची राहिली असतील तर त्यासाठी सात जणांची समिती कशाला हवी? दोघांनी तपासले की पुरे. चूक झाली तर पुढच्या आवृत्तीत काढता येते. याउलट कोणते रूप प्रमाण मानावे हे ठरवण्यास खुशाल दोन महिने घ्यावेत. समितीपुढे दोन्ही प्रकारचे विषय एकाच रांगेत उभे असतील, तर सोप्या विषयांच्या गर्दीत अवघड विषय वाचायचा राहून जातो.

दुसरे असे की अर्ध्या ऱ चा प्रश्न मागे न घेता येणारा आहे असे तुम्ही धरून चालला आहात, पण तो तसा मांडलाच पाहिजे असे नाही. युनिकोडचे, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांचे, प्रमाणक स्वतः नुक्त्याच्या ऱ ची जोडणी देते आणि जोडकाची पद्धत स्वतःच्या जुन्या आवृत्ती २.० शी सुसंगती राहावी म्हणून चालू ठेवते. म्हणजे दोन्ही रूपे वैध आहेत, आणि युनिकोडच्या नुसत्या प्रमाणीकरणाने, म्हणजे समान अक्षरमालिका एकरूप करण्याच्या ठरलेल्या प्रक्रियेने, एकाचे दुसरे होत नाही. हन्स्पेलच्या प्रत्ययांच्या फायलीत आयकॉन्व्ह नावाची सूचना आहे, जी तपासणीपूर्वी एका अक्षरमालिकेच्या जागी दुसरी मांडते. तिने जोडकाचे रूप आत घेतानाच नुक्त्याच्या रूपात बदलून घेतले की यादीत एकच रूप ठेवता येते आणि लिहिणाऱ्याने कोणतेही वापरले तरी लाल रेघ येत नाही. उद्या मत बदलले तर ती ओळ बदलायची. जो प्रश्न ‘कोणते रूप खरे?’ असा विचारला गेल्यामुळे चौदा महिने अडला, तो ‘दोन्ही रूपे स्वीकारून सुचवणीत कोणते दाखवावे?’ असा विचारला असता तर कदाचित एका संध्याकाळी सुटला असता.

यातूनच मला खरा संशय येतो. प्रश्न समितीपुढे कोणत्या रूपात गेला? मी एका कोशाच्या कामात होतो. तेथे आमच्या ज्येष्ठ संपादकांकडे प्रस्ताव म्हणून इंग्रजी शीर्षकाची ईमेल जात असे, तिच्यात एक दुवा, दुव्यावर लाल-हिरव्या ओळींनी भरलेला फायलींतील फरक, आणि खाली पस्तीस प्रतिसाद. ते उघडून बघत आणि मिटून ठेवत. आम्ही म्हणायचो, गुरुजी उत्तर देत नाहीत. प्रश्नच त्यांना कळेल असा विचारलेला नव्हता, हे आमच्या ध्यानात यायला वर्ष लागले. त्यानंतर प्रत्येक विषयासाठी एक पानाचे मराठी टिपण करण्याचा प्रघात पडला: विषय काय, पर्याय कोणते, प्रत्येकाने काय बिघडेल, आणि कोणत्या तारखेपर्यंत उत्तर हवे. तेव्हापासून उत्तरे येऊ लागली. मौन म्हणजे संमती की अनुपस्थिती, हा वरचा वाद मला थोडा घाईचा वाटतो. त्या माणसाला कोणी नीट विचारले होते का, हे आधी पाहावे.

रंकाळाकाठ

उत्तरांना दोन आठवडे उशीर झाला, पण तो वाया गेलेला नाही. जमाखर्च काकांनी सुचवल्याप्रमाणे गेल्या रविवारी सरांच्या घरी गेलो.

भाषेचा_विद्यार्थी यांचा संशय शब्दशः खरा निघाला. सरांची समजूत अशी होती की हा विषय कधीच निकाली लागला आहे, कारण त्यानंतर त्यांना मराठीतून काहीच आले नव्हते. आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे त्यांनी या विषयावर दोन फुलस्केप पाने लिहून ठेवली होती. ती कोणाला आणि कशी पाठवावी हे ठाऊक नसल्यामुळे ती कोशाच्या खंडात तशीच घडी करून ठेवलेली होती. त्यांचे म्हणणे असे की यादीत नुक्त्याचा ऱ ठेवावा, परंतु जुन्या पद्धतीने लिहिणाऱ्याला चूक ठरवू नये. म्हणजे आयकॉन्व्हचे नावही न ऐकता ते नेमके त्याच जागी पोचले होते. त्यांच्या अंगणात बसून मला चौदा महिन्यांतली माझी सगळी आठवणपत्रे आठवली, आणि ती सगळी इंग्रजी विषयओळीची होती हेही आठवले.

दुसऱ्या गप्प सदस्याला, जे परदेशात असतात, मी फोन केला. तीन वर्षांपासून मराठी कळफलकाला हात लावलेला नाही, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. राजीनामा का दिला नाही असे विचारले तर म्हणाले, ‘राजीनामा दिला असता तर मी रुसून गेलो असे झाले असते.’ तेव्हा शाहूपुरी_ते_पुणे यांनी सांगितलेल्या पंचांगाचे महत्त्व मला पहिल्यांदा नीट कळले.

या साऱ्यावरून एक मसुदा तयार केला आहे. शब्दयादीतील साध्या भरीसाठी समितीकडे येण्याची गरज नाही. दोघांची तपासणी पुरेल. बाकी प्रत्येक विषयाला समितीतील एक सदस्य पालक म्हणून नेमला जाईल. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पात संस्थापकांच्या काळापासून एखाद्या प्रस्तावाचा निकाल एका नेमलेल्या व्यक्तीकडे सोपवण्याची पद्धत आहे. २०१८ च्या जुलैमध्ये संस्थापक बाजूला झाले आणि २०१९ च्या आरंभी पाच जणांचे निवडून आलेले मंडळ आले, तेव्हाही ती टिकली, असे वाचनात आले आणि कल्पना तेथून घेतली. आमचा पालक निकाल देणार नाही. तो एक पानाचे मराठी टिपण करील आणि सर्वांना, आवश्यक तर कागदावर, पोचवील. टिपण पोचल्यापासून सात दिवसांत किमान चार जणांचा लेखी होकार आला आणि कारणासह हरकत आली नाही, तर विषय मंजूर. हरकत आली तर आणखी दोन आठवडे चर्चा आणि मग सातपैकी पाच मतांनी निकाल. मौन म्हणजे अनुपस्थिती. सलग चार विषयांत अनुपस्थित राहिलेला सदस्य आपोआप सल्लागार होईल. प्रत्येकाची मुदत तीन वर्षे, दरवर्षी सर्वांत ज्येष्ठ दोन जागा रिकाम्या. यात काय खटकते ते सांगावे.

शाहूपुरी_ते_पुणे

मौनाबद्दलचा माझा आग्रह मी मागे घेतो. चार स्पष्ट होकारांची अट अधिक चांगली आहे, विशेषतः इतक्या लहान समितीत. अपाचीत ती पद्धत चालते, कारण तेथे झालेला बदल दुसऱ्या दिवशी उलटवता येतो आणि वाचणारे डोळे पुष्कळ असतात.

सात दिवस मात्र कमी आहेत. गणेशोत्सवात किंवा परीक्षांच्या काळात कोल्हापुरात एक आठवडा कसा जातो हे तुम्हाला सांगायला नको. चौदा दिवस ठेवा आणि सणाच्या दिवसांत मोजणी थांबवा. सल्लागाराला मत नसावे, पण टिपण मात्र जात राहावे. आणि हरकतीचे कारण पुरेसे आहे की नाही हे कोण ठरवणार, ते मसुद्यात नाही. विषयाच्या पालकाकडे हा अधिकार देऊ नका, कारण तो बहुधा प्रस्तावाच्या बाजूचा असतो. सचिवाकडे द्या, आणि सचिवाचा निर्णय फिरवायला तीन सदस्य पुरावेत.

सर्वांत अवघड प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही. हा नवा नियम मंजूर कसा होणार? जुन्या नियमाने सातही जणांचा होकार लागेल.

जमाखर्च

बरोबर आहे. जुन्या पोटनियमाने नवा पोटनियम मंजूर करावा लागतो, त्याला पळवाट शोधू नये. शोधली तर पहिल्याच भांडणात नवा नियमही टिकणार नाही. मात्र कायमचा बदल मागण्याऐवजी सहा महिन्यांचा प्रयोग मागा, आणि मुदत संपल्यावर पुन्हा ठराव झाला नाही तर जुना नियम आपोआप परत येईल असे त्यातच लिहा. माणूस कायमच्या गोष्टीला घाबरतो, सहा महिन्यांना नाही. सूचक म्हणून सरांचे नाव असेल तर उत्तम, म्हणजे त्यांना बाजूला सारल्याची जी भीती तुम्हाला वाटते ती राहणार नाही. अनुमोदक कोण हवा ते तुम्हाला कळले असेलच.

रंकाळाकाठ

सूचक सर झाले. अनुमोदन परदेशातील सदस्यांनी दिले, आणि प्रयोगाची मुदत सुरू होताच आपली जागा रिकामी धरावी असे त्यांनी स्वतःच त्याखाली लिहिले. चौदा दिवस, सणांची सूट आणि हरकतीबाबतची दुरुस्ती, तिन्ही घातल्या. ठरावाचे टिपण एका पानात बसले नाही, सव्वा पान झाले.

आजपर्यंत सहा लेखी होकार आले आहेत. एकाने प्रयोग दिवाळीनंतर सुरू करावा असे सुचवले, ते सर्वांना मान्य आहे. अर्ध्या ऱ चा विषय प्रयोगातील पहिला म्हणून ठेवला असून सरांची दोन पाने टंकित करून त्याला जोडली आहेत. त्या मुलीलाही कळवले. नोकरीमुळे ती पूर्ण वेळ देऊ शकत नाही, पण आयकॉन्व्हची ओळ आणि तिच्यासोबतचे चाचणीचे शब्द ती एका रविवारी लिहून देणार आहे. चाचणीत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ दोन्ही घालावेत, म्हणजे एक दुरुस्त करताना दुसरा बिघडला तर लगेच कळेल, ही सूचनाही तिचीच.

सातवे सदस्य बंगळूरला असतात. परवा फोनवर ‘वाचले, चांगले आहे, लिहितो’ म्हणाले आणि अजून लिहिलेले नाही. तोपर्यंत जुनाच नियम लागू आहे, म्हणून आज रात्री जेवणानंतर त्यांना पुन्हा फोन करणार आहे.